गाऱ्हाण्याला कोणीतरी हवं

कलेचा स्पर्श झाला की मुकं मनही बोलू लागतं. हे वाक्य आमच्या केंद्राच्या दारावरच्या फलकावर सोनेरी अक्षरांत होतं. त्याच्याखाली, तितक्याच सोनेरी अक्षरांत, सिमेंट आणि पत्रे मिळण्याचं ठिकाण होतं, कारण फलक त्या दुकानदाराने करून दिला होता. केंद्र म्हणजे कट्टा गावच्या बाजारात त्याच्याच दुकानावरची एक खोली. शनिवारी दुपारी तिथे आठ-दहा मुलं यायची. कोणी शाळेला घाबरणारी, कोणी घरात आदळआपट करणारी, कोणी नुसतीच गप्प. चित्रं, माती, बाहुल्या, नाटक यांतून त्यांची मनं हलकी करायची, असं काम होतं. ते चालवणारी मुलगी वैभववाडीची, मुंबईत रीतसर शिकून आलेली. सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. मी मदतनीस, निवृत्त चित्रकला शिक्षक. समुद्रकाठच्या पोरांकडून आयुष्यभर दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढून घेतला, त्याचं हे प्रायश्चित्त समजा.

त्या वर्षी समुद्रकाठच्या देवबागची एक नऊ वर्षांची मुलगी येऊ लागली. घरी बोलायची, पण अंगणाच्या बाहेर पाऊल पडलं की गप्प. दोन वर्षं शाळेत तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. डॉक्टरांनी घसा बघितला, घसा उत्तम. कारण काही सापडलं नाही. शेवटी शाळेचं पत्र आलं: जूनपर्यंत बोलली नाही तर तिला परजिल्ह्यातल्या निवासी विशेष शाळेत पाठवावं. आई पर्यटकांना खोल्या देते, जेवण रांधते. ते पत्र ती पिशवीत घालून बरोबर आणायची. वाचून पाठ झालं होतं, तरी.

"घराकडे ता माझा डोक्या खाता, सर," ती मला म्हणाली. "आणि हयसर बघा, कसा दगडासारख्या बसला आसा. तेका मी खंय धाडू? माझो हात धरल्याशिवाय झोप येणा नाय तेका."

मुलीने पहिल्या तीन शनिवारी चित्रं काढली. सुरेख काढायची. तिसऱ्या चित्रात एक लांब पिवळी होडी होती, पूर्ण रिकामी, आणि पाण्यात सात-आठ माणसं हात वर करून ओरडत होती. बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी चित्र फाइलमध्ये ठेवलं, तारीख घातली, आईला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की घरात, वाडीत, कोणी समुद्रात बुडण्याचा प्रसंग हिने पाहिला आहे का?

आईने चित्र बघितलं.

"ही बनाना राईड, बाई. आमच्या दारासमोर चलता ती. शेवटाक सगळ्यांका पाण्यात पाडतत."

"मुद्दाम?"

"मग? पाडूक नाय तर लोक भांडतत."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंच्या बाजूने सांगायचं तर त्या स्वतःच आधी हसल्या, आणि वैभववाडी घाटाच्या पायथ्याशी, समुद्रापासून लांब, म्हणून आपल्याला पोहताही येत नाही, हे त्या दिवशी त्यांनी कबूल केलं. त्यानंतर मला त्या आवडू लागल्या.

पाचव्या शनिवारी बाईंनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, "आज तुम्हाला काय वाटतंय?" हा प्रश्न आमच्याकडे घरात कोणी कोणाला विचारत नाही. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग कट्ट्याचीच एक जाडजूड, वात्रट पोर उठली. तिने मातीचा एक गोळा नारळासारखा मधोमध ठेवला, हात जोडले आणि तिच्या वाडीतला म्हातारा मानकरी काढतो तसा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी पोरं एकदम ओरडली. त्यांना सांगावं लागलं नाही. देवासमोर गाऱ्हाणं घालताना एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी असा होकार भरायचा, हे इथे चालायला शिकण्याआधी येतं.

"बाईंनी आमका इचारल्यानी, तुमका काय वाटता. आमका भूक लागली आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर बाईंका बुद्धी दी, आणि आमका वडे खाऊक सोड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या तिसऱ्या होकारात एक आवाज नवा होता. किंचित घोगरा. मी चित्रांवरून मान वर केली. बाईंनी डोळ्यांनीच मला दटावलं: बघू नका. मी पुन्हा मान खाली घातली. आम्ही सगळ्यांना वडे दिले.

मग दर शनिवारी गाऱ्हाणं ठरून गेलं. कोणी भावाची तक्रार मांडायचं, कोणी गणिताची. देवबागची मुलगी मागायची काहीच नाही, पण होकार भरायची. बाईंनी वहीत या पद्धतीला एक लांबलचक नाव दिलं होतं, ते मी विसरलो.

मे महिन्यात, ती बोलू लागल्याचं बाईंनी कळवल्यावर, तिच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः खात्री करायला आले. इस्त्रीचा सफारी, हातात फाइल. त्यांना चाचणी वैयक्तिक हवी होती, म्हणून बाकीच्या मुलांना खाली दुकानात पाठवलं. तिथेच माझा धीर सुटला. होकार भरणारी सगळी तोंडं गेली होती.

"बाळ, तुझं संपूर्ण नाव सांग," त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं. काही नाही. "बरं, शाळेचं नाव?" काही नाही. "हे काय आहे? पेन आहे ना? म्हण, पेन." मुलगी पेनाकडे बघत राहिली. दाराशी उभ्या आईने पिशवी छातीशी धरली होती.

बाईंनी गाऱ्हाण्याबद्दल सांगितलं. मुख्याध्यापकांनी आधी ते शास्त्रीय आहे का असं विचारलं. मग दाराशी पिशवी धरून उभ्या आईकडे बघितलं. मग फाइल खाली ठेवली, चपला काढल्या आणि मुलीसमोर सतरंजीवर बसले. सफारीत ते सोपं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!" ते म्हणाले. आवाज अगदी गावातला.

होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. ते हात जोडून तसेच थांबले. माझं तोंड आपोआप उघडलं, तर बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. खाली कोणीतरी पत्रे मोजत होतं, तो आवाज वर येत होता.

"व्हय म्हाराजा," मुलगी म्हणाली.

"ह्या चेडवाच्या आवशीचो जीव टांगणीक लागलो आसा, तो सांभाळ म्हाराजा!" मुलीकडे आणि मग तिच्या आईकडे बघत ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा."

"तेका परगावाक धाडूक नको. आमच्याच शाळेत ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पत्र लिवताना मास्तराकडना काय चुकला-माकला आसात…"

"व्हय म्हाराजा!" ती म्हणाली. त्यांचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

मुख्याध्यापक हसले नाहीत. हात सोडून साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मगे? जूनात येतलंस मा गो?"

ती आईकडे बघून म्हणाली, "येतंय."

आई पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बाईंनी सविस्तर अभिप्रायाची विनंती केली, तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीचा आधार घेऊन कागदावर लिहिलं: "विद्यार्थिनी बोलते. सबब आधीचे पत्र रद्द." खाली सही केली आणि खिशातून शिक्का काढून मारला.

शिक्का उलटा पडला होता, पण चालला.