पेण ते रोहा सायकलवर: थंड ठेवणारी बाटली न्यावी की साधी?

मंगलच्या भावाने फोनवर विचारलं, "नागोठण्यापर्यंत तरी पोचशील का?" मंगलने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "रविवारी निघायचं." आमची सहल ठरली ती अशी.

मंगल माझी शेजारीण. पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचं रंगकाम करते. पन्नाशीला आली तरी गेल्या दिवाळीनंतर सायकल शिकली, तीही माझ्याच सायकलवर, दोनदा गटारात जाऊन. भाऊ रोह्याला नदीपलीकडे अष्टमीत राहतो. त्याच्या दारात सायकलवरून उतरायचं हे तिने मनात पक्कं केलं होतं. आणि मला मूतखड्याचं दुखणं होऊन गेल्यापासून डॉक्टरांनी भरपूर पाणी आणि थोडा व्यायाम, दोन्ही लावून दिलं होतं. मार्च महिना होता. एप्रिलपर्यंत थांबलो तर ऊन आम्हाला घरातच बसवणार, हे दोघींनाही माहीत होतं.

तयारीत सगळ्यात जास्त वाद झाला तो बाटलीवरून. माझ्याकडे लेकीने दिलेली दुहेरी स्टीलची, पाणी थंड ठेवणारी बाटली. मंगलकडे साधी एकेरी स्टीलची, तिच्या मुलाच्या शाळेतली.

"तुझी रिकामी उचलली तरी माझ्या भरलेल्या बाटलीएवढी लागते," मंगल म्हणाली. "आणि आत पाणी किती मावतं? माझ्यात बघ."

तिचं खोटं नव्हतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या, पण माझ्या बाटलीत पाणी बरंच कमी मावायचं. किंमत म्हणाल तर साधीच्या दोन-तीन पट. शिवाय ती सायकलच्या दांड्यावरच्या जाळीत बसेना, म्हणून मला पाठीवरच्या पिशवीत टाकावी लागली. साधी बाटली मात्र मंगलच्या जाळीत चपखल बसली. तुम्ही सायकलवर जाणार असाल तर बाटली विकत घेण्याआधी जाळीत घालून बघा. हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही.

उजाडता उजाडता निघालो. पेण ते वडखळ रस्ता चांगला आहे, पण रविवारी अलिबागला जाणाऱ्या गाड्या सकाळपासूनच सुटतात, तेव्हा जितकं लवकर तितकं बरं. वडखळच्या पुढे अलिबागची गर्दी उजवीकडे वळते आणि महामार्गावर जरा श्वास घेता येतो. कडेला मातीचा पट्टा आहे, पण कुठे खडी, कुठे वाळू. ट्रकचा भोंगा ऐकला की आम्ही दोघी निमूटपणे खाली उतरायचो. गडबच्या आसपास शेतं रिकामी झाली होती, मधूनमधून वालाचे वाळत घातलेले ढीग दिसत होते.

नागोठण्याला पोचलो तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. तिथल्या कंपनीची शिफ्ट सुटून आलेली माणसं टपरीवर चहा पीत होती. आम्ही मिसळपाव आणि चहा घेतला. साधं, पण गरमागरम आणि पोटभर. मंगलने भावाला फोन लावला. "नागोठण्यात हाय. आता काय बोलतोस?" पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण मंगल खूश होऊन उठली.

टपरीवाल्याने माझी बाटली भरून दिली. माझ्या पाण्यात त्याने बर्फाचे दोन खडेही टाकले. मंगलची बाटली मात्र भरायची गरजच नव्हती. ती सकाळपासून जवळजवळ भरलेलीच होती.

"प्यायली नाहीस?"

"गरम झालंय. तोंडाला बरं नाय लागत."

मी मनातल्या मनात माझ्या बाटलीला एक गुण दिला. पाणी कोमट असलं की माणूस ते टाळतो, गार असलं की आपोआप घोट जातो, असं ब्लॉगवर लिहायचं मी तिथेच ठरवून टाकलं. तिला माझ्यातलं गार पाणी देऊ केलं, तर ओठ ओले केल्यासारखे दोन घोट घेऊन तिने बाटली परत दिली.

महामार्ग सोडून रोह्याचा रस्ता धरला की झाडी सुरू होते. पुढे भिसे खिंडीचा चढ. गाडीतून जाताना हा चढ वाटतही नाही, सायकलवर मात्र मांड्या भरून येतात. अर्ध्यात मी उतरून सायकल ढकलायला लागले. मंगल मात्र उतरेना. "चढणार म्हणजे चढणार," असं काहीतरी पुटपुटत ती वळणापर्यंत गेली आणि तिथे सायकलसकट कडेला बसली.

मी पोचले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. अंग घामाने ओलं, ओठ कोरडे, पिंढऱ्यांत गोळे आलेले. "डोकं गरगरतंय गो," म्हणाली आणि तिला उलटीसारखं व्हायला लागलं. माझ्या बाटलीतलं गार पाणी तोपर्यंत संपत आलं होतं. जे होतं ते तिला घोट घोट दिलं. मग तिच्याच साध्या बाटलीतलं कोमट पाणी ओढणीवर ओतून ती ओली ओढणी तिच्या डोक्याला आणि मानेला गुंडाळली. वारा होता, त्यामुळे ती लगेच गार पडली. बाटली भरलेली होती म्हणून हे तरी करता आलं.

समोरून डोक्यावर लाकडं घेऊन एक बाई येत होत्या. त्यांनी आम्हाला बघून भारा खाली टाकला. "काय झालं गो पोरीला?"

पन्नाशीच्या मंगलला पोरगी म्हणणाऱ्या त्या जनाकाकींचं घर खालच्या वळणावरच होतं. सायकली ढकलत, मंगलला मध्ये धरून तिथे नेलं. पडवीत गारवा होता. काकींनी पाण्यात मीठ-साखर घालून दिलं, ते मंगल थोडं थोडं पीत राहिली. तासाभराने तिच्या तोंडावर रंग आला.

"आता सांग," मी म्हटलं. "गरम होतं तर माझ्यातलं का नाही प्यायलीस?"

मंगलने आधी काकींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गरम-बिरम काय नाय गो. प्यायले तर जायचं कुठं? टपरीवर सगळे बाप्येच. रस्त्यावर गाड्या. कारखान्यात पण असंच हाय. सकाळी एकदा घरून जाऊन येते, मग संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नाय. आमच्यातली कुणीच पीत नाय."

पतसंस्थेतल्या माझ्या नोकरीत काउंटरवर मीही वर्षानुवर्षं हेच केलं होतं. माझा मूतखडा त्यातूनच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि इथे मी बाटल्यांना गुण देत बसले होते.

"मग आधी जाऊन ये," जनाकाकी म्हणाल्या. "मागं हाय. पाण्याची बादली भरलेली हाय. नंतर पोटभर पी."

मंगल गेली, आली आणि तांब्याभर पाणी प्यायली. काकींनी भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. पैशाचं नाव काढू दिलं नाही. मी भावाला फोन करून गाडी बोलवायची म्हटलं.

"नाय," मंगल म्हणाली.

"मंगल, जीव महत्त्वाचा की..."

"उन्हं उतरू दे. मला गरगरलं तर मी स्वतःच सांगीन. चढ मी चालत चढीन. पण गाडीत नाय बसणार."

दुपारभर ती झोपली. उठल्यावर तिला दहा पावलं इकडे, दहा तिकडे चालायला लावलं, डोकं दुखतंय का विचारलं, पाणी प्यायला लावलं आणि मगच निघालो. खिंडीचा उरलेला चढ आम्ही दोघी सायकली ढकलत चढलो. पुढचा उतार मंगल ब्रेक दाबत, पण हसत उतरली.

रोह्याच्या बाजारातून कुंडलिकेच्या पुलावर आलो तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. पुलावरून अष्टमीची घरं दिसतात. मंगलचा भाऊ दिनेश पुलाच्या टोकाशीच उभा होता. त्याने बहिणीची सायकल हातात घेतली आणि घरापर्यंत तिच्याबरोबर चालत आला. रात्री त्याच्या बायकोने कोळंबीचं कालवण केलं. वाढायला मात्र तो स्वतः बसला.

दुसऱ्या दिवशी दिनेशच्या मित्राच्या टेम्पोत सायकली टाकून आम्ही पेणला परतलो.

तर बाटलीचं माझं मत: ऊन असेल आणि वाटेत पाणी भरायची सोय असेल तर थंड ठेवणारी घ्या, लहान असली तरी चालेल. सोय नसेल तर साधी, मोठी, हलकी. दोघी असाल तर दोन्ही प्रकारची एकेक. आणि कुठलीही न्या, पण वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी शोधून ठेवा. भिसे खिंडीपर्यंत मला वापरण्याजोगं एकही दिसलं नाही. कुणाला माहीत असेल तर खाली जरूर लिहा, बायकांच्या खूप कामाला येईल.

परतल्यावर मंगल कारखान्यात गेली आणि कामाला बसण्याआधी मालकांसमोर उभी राहिली. बायकांसाठी संडास हवा, म्हणाली. "बघू," मालक म्हणाले. मंगल म्हणाली, "बघा. आम्ही बाहेर बसतो." बाकीच्या बायकाही तिच्याबरोबर बाहेर येऊन बसल्या. परदेशी पाठवायच्या मूर्तींचे डोळे रंगवायचे राहिले, तेव्हा मालकांनी दुपारी गवंडी बोलावला.

महिन्याभरात काम झालं. परवा मी बघायला गेले. अजून सिमेंटचा वास येत होता. मंगलने दार उघडून दाखवलं, कडी आतून नीट लागते का ते लावून बघितलं आणि मग आपल्या जागेवर जाऊन, कुंचला उचलण्याआधी, बाटली तोंडाला लावली.