काकांच्या नावाची घागर

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पितरांच्या घागरीतलं पाणी पिऊन बसलो. उन्हातून आलो होतो, मांडलेली पूजा दिसलीच नाही. पण ओल्या नव्या मातीचा वास नाकात शिरला आणि मी थेट पंच्याऐंशी सालातल्या सोनगीरला, सासुरवाडीला जाऊन पोचलो.

लग्नानंतरची पहिली आखाजी. नवा जावई, त्यात अतिहुशार! घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, हे मला ठाऊक. म्हणून कुणी न सांगता मी कुंभाराकडून एक जास्तीची आणली आणि ओसरीवर मोठ्यानं म्हणालो, "ही हिच्या काकांची. एकाहत्तरच्या लढाईपासून पत्ता नाही, म्हणजे आता..."

पुरण वाटणारे हात थांबले. सासूबाई घाईनं म्हणाल्या, "जावईबापू, आढीतले आंबे पिकले का पाहा बरं."

काकांची बायको, अक्का, तिथंच होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. ती उठली, घागर विसळली, भरली आणि पूजेत न मांडता दाराशी, पिण्याच्या पाण्याच्या जागी ठेवली.

"बरं करं भाऊ. त्या येतीन तवय त्यास्ले थंडं पानी लागी."

मी आढीच्या गवतात तोंड खुपसून बसलो. तेव्हा वाटलं, आपली फजिती झाली. आज कळतं, चौदा वर्षं त्या घरानं उंबऱ्याबाहेर थोपवलेलं मरण मी हौसेनं आत आणलं होतं.

परतताना धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर बायको म्हणाली, "बाबा दर आखाजीला काकांची घागर मळ्यातल्या विहिरीवर एकटेच भरतात. अक्कालाही ते माहीत आहे. पण त्या दिवशी ती मळ्याकडे फिरकत नाही."