बेंबी बसवणारी

द्रौपदाबाई उखर्डू, वय अंदाजे पंचावन्न, राहणार तालुका धुळे, शिक्षण निरंक. सदर महिला पंचक्रोशीतील नागरिकांच्या सरकलेल्या बेंब्या मंगळवारी व शनिवारी, उपाशीपोटी आलेल्यांस प्राधान्य देऊन, विनामूल्य जागेवर आणते. तिच्या कामाबाबत कोणाचीही तक्रार आढळून येत नाही.

तक्रार कशाची असणार? ओझं उचलताना कळ निघाली, मुरडा आला, की माणूस तिच्या ओट्यावर उताणा पडे. ती बेंबीभोवती बोटं फिरवी, धडधडणारी गोटी शोधून अंगठ्याने मध्यावर आणी. माणूस उठून कामाला लागे. बहुतेक पोटं आपली आपण बरी होतात. पण चालून आलेलं श्रेय परत करायचा रिवाज कुठल्याच धंद्यात नाही.

मग तिच्या नवऱ्याचंच पोट फुगलं. उखर्डूला दोन दिवस परसाकडे झालं नव्हतं, वाराही सरत नव्हता. द्रौपदाबाईने पोटावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"हाई बेंबी नही शे. पोट नगारानागत वाजी ऱ्हायनं. धुयाले चला."

"बठ्ठं गाव तुना हातनं उठस, आनि मी धुयाले जाऊ? लोके हासतीन."

शेजारचा भाईदास ओट्यावर होताच. "वयनी, घरना मानूसले हात लावाले लाज वाटस का?"

लोक हसलेच. तिने दाबलं. उखर्डू ओरडला, मग एकदम सैल पडला. "बेंबी बसनी वं," म्हणाला. तिने सगळ्यांसाठी चहा ठेवला. तो उकळेपर्यंत उखर्डूचे हातपाय गार पडले होते.

धुळ्याला दवाखान्यात नेऊन पोट उघडलं, पण उशीर झाला होता. तरुण सर्जनने बाहेर येऊन उखर्डूचाच टॉवेल हातात घेतला आणि समजावलं. मोठं आतडं उजव्या कुशीत खालून निघतं, वर यकृताखाली वळतं, पोट आडवं ओलांडून डावीकडे उतरतं. शेवटी त्याला एक नागमोडी वळसा असतो. उखर्डूचा तो वळसा लांब होता. सर्जनने टॉवेलला पीळ घातला. "असा. वेळेत आणलं असतं तर खालून नळी घालून बहुतेक सोडवता आला असता. इथे तो फुटला. कोणी पोट दाबलं होतं?"

"नाही साहेब," भाईदास चटकन म्हणाला.

"मी दाबं," द्रौपदाबाई म्हणाली.

"आणि बेंबी?" तिनेच पुढे विचारलं.

"बेंबी सरकत नसते, मावशी."

गावात मात्र निकाल वेगळा लागला. "बेंबी बसेल व्हती," भाईदास चावडीवर सांगे, "डाक्टरनी पोट फाडं, तठेच बिघडनं." द्रौपदाबाई काय म्हणते ते कोणी विचारलं नाही. दुखवट्यात बाई काहीही बोलते.

तेराव्यानंतरच्या शनिवारी तिच्या ओट्यावर पाच जण उपाशीपोटी बसले होते. तिने आतून कडी काढली नाही.