रिनाच्या हातातला बॉल

आशा समोर येऊन उभी राहिली आणि रिनाचा उचललेला हात खाली आला. याच पोरीचा जबडा रिनाच्या बॉलने फुटला होता. महिनाभर ती नुसत्या पेजेवर होती. आणि आज बया बॅट घेऊन परत हजर! जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघाच्या निवडीला आता मोजकेच दिवस राहिले होते, पण रिनाला निवडीचं काय? तिला एकच दिसत होतं, आशाचं रक्ताळलेलं तोंड.

खांडबाऱ्याजवळच्या या मैदानावर रिनासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. झाडाला टांगलेल्या टायरमधून ती बॉल हवं तितक्यांदा आरपार काढायची. पण समोर बॅटर आली की घ्या, बॉल तिच्या पाठीमागून जायचा. खेळ शिकवणारे धर्मेंद्र सर डोकं धरायचे, "कोठे टाकी ऱ्हायनी तू?"

कुठे म्हणजे? लहानपणापासून टाकत आली तिथेच. ज्वारीच्या शेतातल्या माळ्यावर गोफण फिरवताना तिची आई सोनीबाई बजावायची, पाखरू मारायचं नाही, उठवायचं. धोंडा थव्याच्या बाजूला पडला पाहिजे. जिवंत काही दिसलं की रिनाचा हात आपोआप बाजूला वळायचा. त्या दिवशीही बॉल आशाच्या मागूनच चालला होता. आशा दचकून मागे सरली, आणि नेमकी त्याच्या वाटेत आली.

"तू माझ्याकडे बघतेस," आशा म्हणाली. "बघू नकोस. मी नाहीच असं समज. माझ्या मागे बसलेल्या कॅचरचा ग्लोव्ह तेवढा बघ."

"आणि तू हललीस तर?"

"नाही हलणार."

रिनाने बॉल हातात फिरवला. तो तिथेच टाकून पळून जावं असं तिला वाटलं. तिने ग्लोव्हवर नजर रोवली, आशाला मनातून पुसून टाकलं आणि बॉल सोडला.

फट्! बॉल थेट ग्लोव्हमध्ये.

"स्ट्राइक!" सर ओरडले.

रिनाने भीत भीत आशाकडे पाहिलं. आशा जागची हलली नव्हती. बॅट छातीशी घट्ट धरलेली, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं बये, डोळे मिटून उभी होतीस?"

"उघडे असते तर मी हलले असते," आशा म्हणाली. "टाक, अजून एक टाक."