चकरीतला तांदूळ

भाऊजींना शेवटचं पाहिलं ते खामगावच्या त्यांच्या घरी, रविवारच्या दुपारी. समोरच्या खोलीत पेपर अंथरून छोट्या कारंज्याचा पंप खोलून बसले होते, हातात जुना टूथब्रश. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, शेजारीच चटईवर आडवी. मी दारातून म्हटलं, "झालं का सुरू?" वर न बघताच म्हणाले, "काय करू बे, तुह्या बहिणीनं पुन्हा तांदूळ चारले याले." मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला. चहाचा कप हातात असतानाच गेले... मला अजून राग येतो त्यांचा. असं न सांगता कुणी जातं का?

शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झाले तेव्हा सोबतच्यांनी ते टेबलावरचं कारंजं भेट दिलं होतं. तीन पायऱ्या, वर महादेवाची इवलीशी पिंड, तिच्यावरून झुळझुळणारं पाणी. भाऊजींना त्यात मशीन दिसलं, ताईला देव. ती रोज आंघोळ करून पिंडीवर अक्षता वाहायची. त्या पाण्यासोबत खाली जायच्या, पंपाच्या चकरीत अडकायच्या आणि कारंजं घुरघुरायचं. मग रविवारी भाऊजींचा सोहळा. आधी वायर काढायची, मग पंप लिंबाच्या पाण्यात ठेवायचा, कारण तिथल्या बोअरच्या पाण्यानं सगळ्यावर पांढरा थर चढतो. मग चकरी घासायची आणि मला ऐकवायचं, "पंप बुडून राह्यला पाह्यजे. कोरडा चालला का जळलाच समज." ताई अर्धवट झोपेत म्हणायची, "हाव, आता नाही टाकत." सोमवारी पुन्हा अक्षता. जेवून मीही तिथंच फरशीवर लवंडायचो. पाण्याचा आवाज, ब्रशची खसखस, त्या दोघांची कुरकुर... बोलणं कुठं संपलं आणि झोप कुठं लागली, कळायचं नाही.

तेरावं झाल्यावर महिन्यानं पुन्हा गेलो तेव्हा खोली गप्प होती. भेटायला येणाऱ्या माणसांच्या गर्दीत कुणीतरी कारंज्याचं बटण बंद केलं होतं. पाणी आटून पायऱ्यांवर खडूसारखा थर बसलेला. ताईचे डोळे खोल गेले होते. "दुपारी डोयाच लागत नाही रे," ती म्हणाली. "पाणी टाकून पाह्यलं, नुसतं घुरघुरते. देऊन टाक कोणाले." देऊन टाक म्हणाली खरी, पण पदरानं पिंड पुसत होती. मला तर स्क्रूही धड पिळता येत नाही. माझ्या हातून हे मोडलं तर ताईचं काय?

भाऊजींचा पत्र्याचा डबा काढला. कारकुनी सवय, प्रत्येक पुडीवर नाव लिहिलेलं. टूथब्रश, पेचकस, आणि तळाशी एका पिवळ्या पडलेल्या पुडीत पंपाच्या तोंडावर बसवायचा स्पंज, मापात कापलेला, कधीच न वापरलेला. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'अक्षता अडवण्यासाठी'. म्हणजे इलाज कधीचाच तयार होता. बसवला मात्र नव्हता. मी पुडी ताईपुढं धरली.

तिनं ती अक्षरं बोटानं चाचपली. मग डोळे पुसत हसली. "मले मालूम होतं. एरवी हा माणूस माह्यापाशी एका जागी बसते का? म्हणून तर मी दोन दाणे जास्तच टाकत होती."

लिंबाच्या पाण्यात तासभर ठेवल्यावर चकरी सुटली. आत एकच दाणा होता, वाळून चिकटलेला. बहुतेक भाऊजी जायच्या आदल्या सोमवारचा. टाकून देववेना, तो मी पुडीत स्पंजाशेजारी ठेवला. पंप बुडेल इतकं पाणी भरून बटण दाबलं. आधी घुरघुर, मग खळखळ... ताई चटईवर कलंडली आणि बोलता बोलता झोपली.

निघताना कारंज्यात डोकावलो. खालच्या पायरीवर दोन तांदूळ हळूहळू पंपाकडं सरकत होते. मी कधी उठून आत गेलो असेन, तेवढ्यात तिनं डाव साधला होता. चपला घालतोय तर मागून झोपाळलेला आवाज आला.

"रविवारी येजो रे."