सुमन परबच्या बाटल्या

परळच्या एका लॅबमध्ये मी बाटल्या घासते. चौथी शिकलेली बाई, हिला काय कळतंय, असं म्हणून सगळे माझ्यासमोर मोकळं बोलतात. मग किस्से साठायला किती वेळ लागतो? बाटल्या निदान फुटतात तरी. हे फुटत नाहीत, डोक्यात बसून राहतात.

संपात नवऱ्याची गिरणी गेली, म्हणून मी इथे लागले. आमच्या मॅडम कॅन्सरवर काम करायच्या. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम कुठून येतो आणि त्यात विषाणूचा हात किती, हे त्यांना शोधायचं होतं. एकदा त्यांनी मला दुर्बिणीतून बघायला लावलं. खाली बाटलीच्या तळाला दाटीवाटीने काहीतरी चिकटलेलं.

“ही सुमन परब. लालबागची. गेल्या वर्षी वारली.”

“मग हे वाढतंय कोण?” मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “तेच तर विचारतेय मी तिला.”

*

एकदा वीज गेली आणि जनरेटरही रुसला. पेशींना उबेत ठेवायचं कपाट थंड पडलं. सगळ्या पेशंटांच्या बाटल्या मेल्या. जगली एकटी सुमन.

आमचा टेक्निशियन सावंत मालवणचा. तो म्हणाला, “संपात घर चालवलेली बाय ती. उपाशी रवाची सवय आसा तिका.”

मॅडमनी बाटली दोन्ही हातांनी उचलली. आता सगळं काम तिच्यावर होतं. ती मेली की मॅडमची इतक्या वर्षांची मेहनत मातीत.

*

आणि नेमका तिचा नवरा आला. परब, साचेवाला, गिरणी सुटलेला. दारातच चपला काढून उभा.

“सुमनचं काय राहिलंय का हो तुमच्याकडे?”

सवाष्ण गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला ठेवतात. याने गच्चीवर ठेवलं, तर कावळा शिवेना. मुलांना सांभाळीन म्हणाला, दुसरं लग्न करणार नाही म्हणाला. कावळे कठड्यावर बसून नुसते बघत राहिले. मग हॉस्पिटलातल्या कोणीतरी सांगितलं, तुझ्या बायकोचा तुकडा तिकडे अजून वाढतोय.

“ती अडकलीय मॅडम. सोडा तिला.”

“नाही सोडता येणार,” मॅडम म्हणाल्या. वर त्यालाच विचारलं, “तपासायला तुमचं थोडं रक्त द्याल?”

मला इतका संताप आला! माणूस काय मागतोय आणि बाई काय मागतेय. पण परबने बाही वर केली.

“तिच्याजवळ ठेवणार ना? घ्या.”

*

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, परकं दिसलं की तुटून पडतात. सावंतचं रक्त सुमनवर तुटून पडलं. मॅडमचंही पडलं. माझंही, मेलं.

परबचं रक्त घातलं. शिपाई तिच्याभोवती जमले आणि तसेच थांबले.

मॅडमनी पुन्हा करून बघितलं. तेच.

“वळख पटली,” सावंत म्हणाला.

“रक्ताला नवरा-बायको कळत नाही, सावंत.” हे बोलताना मॅडम त्याच्याकडे बघत नव्हत्या.

*

पुढच्या अविधवा नवमीला परब पान घेऊन लॅबच्या गच्चीवरच आला. भात, वडे, खीर. ती इथे आहे तर पान इथेच, म्हणाला. मॅडम वर येणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या पांढऱ्या कोटातच आल्या.

परबने हात जोडले. “सुमन, मी तुला सोडवतो. या बाईंच्या पाया पडेन, पण सोडवतो.”

कावळे पाण्याच्या टाकीवर. एकही हलेना. ऊन चढलं. परबचा घसा बसला, तरी तो तेच म्हणत राहिला.

मी मॅडमना म्हटलं, “अहो, तोंडदेखलं तरी सोडते म्हणा. जाऊ दे त्या बापड्याला घरी.”

“खोटं कसं बोलू?” मॅडम म्हणाल्या. मग चप्पल काढून पानासमोर बसल्या. “सुमनताई, मी नाही सोडणार. मी आहे तोवर तुम्हाला मरू देणार नाही.”

बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा उतरला. वडा उचलला. मागून दुसरा आला, मग सगळे.

परबने ते रिकामं पान उचललं. मग मॅडमना म्हणाला, “मग दर वर्षी मी हे पान कुणाचं मांडू?”