काटा सोडायचा राहून गेला

माझी नोकरी वाचवली ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीने. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

मी गोंदियाकडचा, नववीत शाळा सोडलेला. प्रोग्रॅमिंग मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. ती पुण्याचीच, इंजिनिअर, डब्यात रोज आईच्या हातची पोळी-भाजी. मी मेसचा डबा उघडायचो आणि तिच्या डब्याकडे बघून जळायचो. तिच्या डिग्रीवर तर जळायचोच. दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणारं आमचं छोटं ऑफिस. तीन महिने झाले की मला ठेवायचं की नाही, ते मालक ठरवणार होते.

शेवटच्याच आठवड्यात कसबा पेठेतल्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानातून फोन आला. त्यांची वजनाची विंडो मी लिहिली होती. काट्यावर घागर ठेवली की स्क्रीनवर आकडा. पण विंडो एकदा बंद करून पुन्हा उघडली, की 'काटा वापरात आहे' असं यायचं आणि अख्खा प्रोग्रॅम कोसळायचा.

दुकानदार म्हणाले, "अहो, दिवसाला एकच घागर विकायची, असा नियम आहे का तुमचा?"

फोन ठेवून मी पुटपुटलो, "बंद तर होऊन राहिली ना विंडो!" घाबरलो की गाव तोंडात येतं.

ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. "दिसेनाशी झाली. बंद कुठे झाली? प्रोग्रॅमने धरून ठेवलेला काटा कोणी सोडला?"

"कोणीच नाही."

"आणि दर सेकंदाला वजन विचारणारा टायमर?"

तो चालूच होता. गेलेल्या विंडोत आकडा लिहायला जात होता.

तिने दोन मिनिटांत करून टाकलं असतं. पण ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली, कीबोर्डला बोटही लावलं नाही. मीच टाइप केलं. आधी टायमर थांबवायचा, मग काटा सोडायचा, विंडो खरोखर बंद करायची ती सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा क्रम चुकला. "हं, पुन्हा," एवढंच म्हणाली. मग वीसेक वेळा उघड-बंद करून पाहिलं. प्रोग्रॅम नाही कोसळला.

मालकांना ती म्हणाली, "यांनीच दुरुस्त केलं."

मला कायम केलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मी जळलो. श्रेय असं सहज देऊन टाकता यावं, इतकं असतं एखाद्याकडे!

आजही जळतो, पोळी-भाजीसकट. पण कधीतरी तिचंही काहीतरी अडेल, मला जमण्यासारखं. त्या दिवशी मी हात पाठीमागे बांधून तिच्या मागे उभा राहीन. मालकांना काय सांगायचं, ते माझं ठरलेलं आहे.